बारा तासांची पाळी आणि दुप्पट मजुरी

मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसई तालुक्यातून जातो त्या पट्ट्यात, वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार, धानीव आणि कामण या गावांच्या जमिनींवर गेल्या काही दशकांत जी औद्योगिक वस्ती उभी राहिली, तिच्यात मोठे कारखाने मोजके आणि गाळे असंख्य आहेत. खाली प्लास्टिकचे मोल्डिंग, वरच्या मजल्यावर पॅकिंग, पलीकडच्या गाळ्यात खोक्यांची छपाई किंवा लोखंडी सुट्या भागांचे कटिंग अशी कामे एकाच इमारतीत चालतात, आणि नालासोपारा-विरारच्या चाळींतून येणारे हेल्पर, ऑपरेटर आणि पॅकिंगवर बसणाऱ्या बाया तेथे अनेकदा सकाळी आठ ते रात्री आठ अशी पाळी करतात. या पाळीतल्या पहिल्या आठ तासांना बोलीत ‘ड्युटी’ आणि उरलेल्यांना ‘ओटी’ म्हणतात. सरकारी मराठीत त्यालाच अतिकालिक काम असे जड नाव आहे. या उरलेल्या तासांची मजुरी दुप्पट दराने मिळावी, असे भारतातील कायदा सत्तर वर्षांहून अधिक काळ सांगत आला आहे. गाळ्यांच्या व्यवहारात मात्र ‘सिंगल ओटी’ नावाची एक रीत रुळली आहे, जिच्यात जादा तासालाही साध्या तासाचाच भाव मिळतो, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की दुप्पट मागणे म्हणजे काहीतरी अवाजवी मागणे, असे खुद्द कामगारालाही वाटू लागते.

रकमेचा आकार कळल्याशिवाय या रीतीची किंमत कळत नाही, म्हणून एक साधे उदाहरण मांडणे उपयोगाचे ठरेल. एखाद्या कामगाराचे मूळ वेतन ९,१०० रुपये आणि विशेष भत्ता ६,५०० रुपये, म्हणजे महिन्याचा पगार १५,६०० रुपये आहे असे समजावे. विशेष भत्ता म्हणजे महागाईच्या निर्देशांकानुसार किमान वेतनावर वाढत जाणारी रक्कम, जी महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी नव्याने जाहीर होते. महिन्याला २६ कामाचे दिवस धरले, तर या कामगाराचा रोज ६०० रुपये आणि तासाचा दर ७५ रुपये होतो, आणि म्हणून ओटीचा दर १५० रुपये. आठ ते आठच्या पाळीत जेवणाची अर्धा तास सुट्टी कामाच्या वेळेत धरली जात नाही, तेव्हा प्रत्यक्ष काम साडेअकरा तासांचे आणि सहा दिवसांत ६९ तासांचे भरते.

यातील जादा तास किती, या प्रश्नाचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते आणि कामगाराचे पहिले नुकसान येथेच होते. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ने दिवसाचे नऊ तास किंवा आठवड्याचे ४८ तास यांपैकी कोणतीही मर्यादा ओलांडली तरी दुप्पट मजुरी ठरवून दिली होती. केवळ दिवसाचे नऊ तास वजा केले तर आठवड्याला १५ जादा तास निघतात. आठवड्याचे ४८ तास वजा केले तर २१ निघतात. कामगाराच्या हिताची मोजणी दुसरी आहे. नव्या कायद्यात, म्हणजे नोव्हेंबर २०२५मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितांत, तर दैनिक आणि साप्ताहिक यांपैकी कामगाराला जी अधिक लाभाची ठरेल ती मोजणी धरावी, असे स्पष्टच म्हटले आहे. २१ तासांचे सिंगल दराने १,५७५ रुपये होतात आणि दुप्पट दराने ३,१५० रुपये. आठवड्याला १,५७५ रुपयांची ही तूट वर्षभरात ८१,९०० रुपयांवर जाते, म्हणजे या कामगाराच्या पाच महिन्यांच्या पगाराहून अधिक.

याहून सूक्ष्म असा आणखी एक प्रकार आहे, ज्यात मालक ‘डबल’ देतो खरा, पण तो केवळ मूळ वेतनावर काढतो. वरच्या उदाहरणात ९,१०० रुपयांना २६ने आणि मग ८ने भागले की तासाचा दर ४३ रुपये ७५ पैसे येतो आणि त्याची दुप्पट ८७ रुपये ५० पैसे. म्हणजे नाव दुपटीचे आणि रक्कम पूर्ण पगारावरील एकपट दरापेक्षा जेमतेम साडेबारा रुपयांनी जास्त. कलम ५९मधील ‘साधारण दर’ या संज्ञेत मूळ वेतनाबरोबर कामगाराला त्या वेळी लागू असलेले भत्तेही येत होते, फक्त बोनस आणि खुद्द ओटीची रक्कम वगळली जात होती. नव्या वेतन संहितेतील वेतनाच्या व्याख्येत मूळ वेतन आणि महागाई भत्ता येतात, घरभाडे किंवा प्रवास भत्ता यांसारख्या काही बाबी वगळल्या जातात, परंतु वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली तर वरची रक्कम पुन्हा वेतनातच मिळवावी लागते. पगारपत्रकात मूळ वेतन मुद्दाम बारीक ठेवून बाकीची रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत वाटून टाकण्याच्या जुन्या युक्तीवर हा उतारा आहे. नगाच्या भावाने काम करणाऱ्यालाही ओटीचा हक्क आहे. त्याच्या बाबतीत कारखाने अधिनियमाने आधीच्या महिन्यातील पूर्णवेळ कमाईची रोजची सरासरी काढून तोच त्याचा साधारण दर मानला होता.

दुप्पट दर का, दीडपट का नाही, याचे उत्तर या हक्काच्या जन्मकथेत सापडते. मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याच्या सुट्टीचीही हमी नसे. १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून कामाच्या तासांची आणि सुट्टीची मागणी पुढे आणली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. १९२२च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची आणि १९३४च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४ तासांची मर्यादा घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेल्या १९४६च्या दुरुस्तीने ही मर्यादा ४८ तासांवर आली व जादा कामाचा दर दुपटीवर गेला. तास घटवणे आणि दर वाढवणे या दोन गोष्टी एकाच दुरुस्तीत आल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एका माणसाकडून बारा तास काम करून घेणे हे दीड माणसांना कामावर ठेवण्यापेक्षा महाग पडावे, म्हणजे मालक तसे करताना विचार करील, असा त्यामागचा हिशेब होता. शेतात पाणी अडवायला बांध घालावा तसा हा दर लांबलचक दिवसाला घातलेला बांध आहे. सिंगल ओटीच्या रीतीने कामगाराचे पैसे तर जातातच, पण बांधच फुटतो, आणि मग बारा तासांची पाळी अडचणीच्या वेळची न राहता रोजची होते.

या बांधाची गरज शरीराला किती आहे, हे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते: आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात नोंदले आहे. आठ ते आठच्या पाळीचे ६९ तास या रेषेच्या कितीतरी पुढे आहेत, आणि त्यांत विरार लोकलच्या गर्दीतला किंवा महामार्गावर रिक्षासाठी ताटकळण्याचा वेळ मोजलेलाच नाही.

दर दुप्पट दिला म्हणजे कितीही तास काम घेता येते, अशीही एक समजूत आहे आणि तीही चुकीची आहे. कायद्याने तीन महिन्यांत घेता येणाऱ्या जादा तासांवर वेगळी कमाल मर्यादा ठेवली आहे. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी ती ११५ तासांपर्यंत गेली होती, आणि ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती १४४ तासांवर नेण्यास व दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. मात्र जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती त्यात आवश्यक ठरवली. ‘आता बारा तासांची ड्युटी कायदेशीर झाली’ असा या निर्णयाचा अर्थ अनेकांनी लावला, तो घातक आहे, कारण आठवड्याची ४८ तासांची रेषा जागीच राहिली. आठवड्याला २१ जादा तास या हिशेबाने तीन महिन्यांच्या तेरा आठवड्यांत २७३ तास होतात, म्हणजे वाढवलेल्या मर्यादेच्याही जवळजवळ दुप्पट. वर्षभर रोज बारा तासांची पाळी लावणारा गाळा दुप्पट मजुरी देत असला तरी कायदा मोडतच असतो, आणि त्याने मर्यादा मोडली म्हणून कामगाराने प्रत्यक्ष केलेल्या तासांची मजुरी बुडत नाही.

राज्य मंत्रिमंडळाच्या या निर्णयानंतर अडीच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने चार कामगार संहिता अमलात आणल्या. २०१९ची वेतन संहिता आणि २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता या दोन ओटीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. कारखाने अधिनियम आणि किमान वेतन अधिनियम हे १९४८चे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले असले, तरी दुपटीचा दर कायम राहिला आहे. सुरक्षा संहितेने दिवसाचे साधारण काम आठ तासांचे ठरवले आहे आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच घेता येईल असे म्हटले आहे, जे जुन्या केंद्रीय कायद्यात इतक्या थेट शब्दांत नव्हते. तोटा झाला तो व्याख्येत: विजेवर चालणाऱ्या ठिकाणी केंद्रीय कायद्याप्रमाणे पूर्वी दहा कामगार असले की ते ‘कारखाना’ ठरे, आता वीस लागतात. वसईच्या पट्ट्यात, जेथे बारा-पंधरा माणसांचे गाळे ओळीने उभे आहेत, हा बदल कागदावरचा राहत नाही. अशा गाळ्याला कारखान्यासाठीचे विशेष नियम आता लागू होणार नाहीत, परंतु दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना म्हणून तो सुरक्षा संहितेच्या कक्षेत राहतोच, आणि वेतन संहितेला तर कामगारसंख्येची अटच नाही. ओटीची दुप्पट मजुरी वेतन संहितेच्या कलम १४मध्ये असल्याने पाच माणसांच्या गाळ्यालाही ती चुकवता येत नाही.

दुकाने, गोदामे, कार्यालये आणि उपाहारगृहे यांच्यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९ डिसेंबर २०१७पासून लागू आहे. त्यात दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंत दुप्पट दराने जादा काम अशी तरतूद होती. सप्टेंबर २०२५च्या त्याच निर्णयात दिवसाचे तास दहावर, जादा तासांची मर्यादा १४४वर आणि कायदा लागू होण्यासाठीची कामगारसंख्या दहावरून वीसवर नेण्यास मान्यता मिळाली. स्थानकाबाहेरच्या कापडदुकानात उभ्याने बारा तास काढणाऱ्या सात-आठ मुलींना या कायद्याचा आधार आधीही नव्हता. त्यांच्यासाठीही आता वेतन संहितेचाच आसरा आहे.

संमतीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. गाळेमालक नेहमी सांगतात की कामगारच ओटी मागतो, आणि ते खोटे नाही. कामाच्या शोधात आलेला माणूस पगाराच्या आधी ‘ओटी मिळते का’ असे विचारतो, कारण आठ तासांच्या मजुरीत खोलीचे भाडे आणि गावी पाठवायचे पैसे दोन्ही निघत नाहीत. परंतु ओटी मागणे म्हणजे ती अर्ध्या भावात मागणे नव्हे. मूळ मजुरी पोटाला पुरत नाही म्हणून दिलेली संमती कितपत मोकळी मानायची, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात केला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालाने असे ठरवले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर माणूस राबतो तेव्हा त्याच्यावर भुकेची सक्ती असते, आणि घटनेच्या २३व्या अनुच्छेदाने मना केलेल्या वेठबिगारीत हे काम मोडते. त्याच १९८२ साली वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगार आदिवासींना सोडवण्याच्या लढ्यातून श्रमजीवी संघटना उभी केली, जिचे केंद्र तालुक्यातील उसगाव येथे आहे. उचल घेऊन राबणारा मजूर आणि सिंगल ओटीवर राबणारा हेल्पर यांची स्थिती एक नाही, हे मान्य करूनही, वसईच्या माणसाला ‘तो स्वखुशीने राबतो’ हे वाक्य नवे नाही, एवढे म्हणता येते.

संमतीच्या कागदाबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. जादा कामाला होकार देणे वेगळे आणि दुप्पट मजुरीवर पाणी सोडणे वेगळे. वेतन संहितेखालील हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरतो. कामावर घेताना ‘बारा तासांचा ठरीव पगार मान्य आहे’ अशा छापील कागदावर सही घेतली असली, तरी त्या सहीने दुप्पट मजुरी बुडत नाही. शासनालाही ती सहज बुडवता येत नाही, हे गुजरातच्या प्रकरणात दिसले. कोविडच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात सरकारने कारखान्यांना दिवसाला बारा आणि आठवड्याला ७२ तास काम घेण्याची मुभा देऊन जादा तासांची मजुरी साध्या दराच्या प्रमाणात देण्याची, म्हणजे थेट सिंगल ओटीची, अधिसूचना काढली आणि जुलैमध्ये तिची मुदत वाढवली. गुजरात मजदूर सभेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ यांच्या पीठाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दोन्ही अधिसूचना रद्द केल्या, महामारीचा आर्थिक भार मजुराच्या पाठीवर टाकता येणार नाही अशी भूमिका घेतली, आणि अधिसूचनांच्या काळात काम केलेल्या सर्व पात्र कामगारांना कायद्याप्रमाणे ओटीची मजुरी देण्याचा आदेश दिला. वसईच्या गाळ्यांत ज्या रीतीला कोणी हरकत घेत नाही, तीच रीत सरकारी शिक्क्यानिशीही टिकली नव्हती.

ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराला बहुधा सांगितले जाते की पगाराचा संबंध ठेकेदाराशी, कंपनीशी नाही. हे अर्धेच खरे आहे. ठेकेदाराने मजुरी चुकवली तर ती देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे आणि वेतन संहितेतही कायम आहे. ‘सुपरवायझर’ हे पद देऊन ओटी बंद करण्याचा प्रकारही सर्रास चालतो. पदाच्या नावाला न्यायालये फारसे महत्त्व देत नाहीत. माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करतो हे पाहिले जाते, आणि मशीनवर हात चालवणारा माणूस पाटीवर सुपरवायझर लिहिल्याने व्यवस्थापक होत नाही.

हक्क इतका स्पष्ट असून तो प्रत्यक्षात का मिळत नाही, याचे मुख्य कारण हजेरीत आहे. अनेक ठिकाणी दोन नोंदी ठेवल्या जातात: तपासणीसाठीच्या मस्टरमध्ये प्रत्येक जण नऊ ते साडेपाच, आणि मुकादमाच्या वहीत खरे तास. ओटीचे पैसे पगाराच्या दिवशी पाकिटातून रोख मिळतात, त्यामुळे बँकेच्या खात्यात त्यांचा मागमूस राहत नाही. याची झळ फक्त मजुरीला बसत नाही. रात्री साडेसातला प्रेस मशीनमध्ये बोटे अडकलेला कामगार मस्टरप्रमाणे दोन तासांपूर्वीच घरी गेलेला असतो, आणि मग अपघात कामावर झाला हेच सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर येते. म्हणूनच जुन्या कारखाने अधिनियमात असे गृहीतक घातले होते की, काम किंवा यंत्रे चालू असताना जो माणूस कारखान्यात आढळेल तो तेथे कामावरच आहे असे मानावे. रात्रपाळीच्या नोंदीतही अशीच गफलत होते: रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी दोन तारखांत तोडून दोन्ही दिवस छोटे दाखवले जातात, वास्तविक मध्यरात्रीनंतरचे तास आधीच्याच दिवसात मोजायचे असतात.

अशा वेळी कामगाराची स्वतःची नोंद मोलाची ठरते. खिशातल्या लहान वहीत रोजची तारीख, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, जेवणाची सुट्टी, कोणत्या मशीनवर काम होते आणि कोणी थांबायला सांगितले, एवढे त्याच दिवशी लिहिले, तर वर्षांनंतर आठवणीतून केलेल्या हिशेबापेक्षा त्याला कितीतरी अधिक वजन येते. ‘उद्या माल जायचा आहे, सगळ्यांनी दहापर्यंत थांबायचे’ हा व्हॉट्सॲपवरचा संदेश, फाटकावरच्या बोटांच्या ठशाच्या यंत्राचा फोटो, खात्यात जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, हे सारे त्या वहीला जोड देतात. पगाराची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि मजुरी कमी मिळाल्याचा दावा दाखल झाला की ती पूर्ण दिली हे सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेने मालकावर टाकला आहे.

दावा कामगार स्वतः, त्याची नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक यांपैकी कोणीही दाखल करू शकतो. किमान वेतन अधिनियमाखाली त्यासाठी सहा महिन्यांचीच मुदत होती आणि पगार नियमाने देण्याच्या १९३६च्या कायद्याखाली बारा महिन्यांची. वेतन संहितेने ती तीन वर्षांची केली आहे. दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला देय रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार आहे. मुदत वाढल्याचा लाभ वसईसारख्या ठिकाणी विशेष आहे, कारण कामावर असताना तक्रार करणारा विरळा. दुसऱ्याच दिवशी ‘उद्यापासून येऊ नकोस’ ऐकावे लागेल ही भीती खरी असते, आणि सहा महिन्यांच्या मुदतीत ती भीती कायद्यावर मात करीत असे. आता काम सोडल्यावरही हिशेब मागता येतो. राजीनामा दिला किंवा कामावरून काढले, तर दोन कामकाजाच्या दिवसांत सारी देणी चुकती करावी लागतात आणि त्या देण्यांत ओटीचे राहिलेले तासही येतात. वरच्या उदाहरणातील कामगाराची तूट तीन वर्षांत २,४५,७०० रुपये होते, आणि तो गाळा सोडून गावी गेला असला तरी त्याची वही येथील संघटनेकडे असेल, तर त्याच्या वतीने तो दावा संघटनेला मांडता येतो.